बर्फात जाणाऱ्या मुंबईकराने हातमोजे कसे निवडावेत

पहाटेचे साडेचार वाजले असतील. उत्तराखंडातल्या केदारकंठ शिखराच्या शेवटच्या चढावर, हेडलॅम्पच्या उजेडात, माझी भाची एकदम थांबली आणि म्हणाली, "मामा, बोटं आहेत की नाहीत तेच कळत नाहीये." तिच्या हातात चांगले जाड, फुगीर हातमोजे होते. दुकानदाराने "मायनस वीसला चालतात" असं सांगून दिलेले. मी उजवा मोजा ओढला, तर हाताबरोबर आतलं अस्तरही उलटं होऊन बाहेर आलं. अस्तर चिंब ओलं होतं, बाहेरची बाजू मात्र ठणठणीत कोरडी. म्हणजे ते बर्फाचं पाणी नव्हतं. दोन तास चढताना हाताला आलेला तो घाम होता.

तिच्या दोन बोटांची टोकं मेणासारखी पांढुरकी पडली होती. मी जॅकेटची चेन उघडली, तिचे हात माझ्या काखांत घेतले आणि तसेच उभे राहिलो. दहा-बारा मिनिटांनी बोटांना ठणका लागला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्या जिवात जीव आला. ठणका लागतो म्हणजे रक्त परत येतंय. त्या दिवसापासून कुणी डिसेंबरात बर्फात निघालं की मी आधी त्याचे हातमोजे बघायला मागतो.

आपल्याकडे ही गोष्ट अंगवळणी पडलेली नसते, त्यात कुणाचा दोष नाही. मुंबईत सांताक्रूझला नोंदलेलं आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ चं. कळसूबाईवर जानेवारीत रात्र काढली तर हुडहुडी भरते, पण बोटं बधीर होऊन निकामी होतील अशी थंडी सह्याद्रीत पडत नाही. त्यामुळे वीस वर्षं गडकिल्ले पालथे घातलेला माणूसही बर्फाच्या हातमोज्यांच्या बाबतीत कोराच असतो. बूट कसे घ्यायचे हे त्याला बरोबर कळतं, हातमोजे मात्र तो जाडी बघून घेतो.

आधी हात गारठतात का ते बघू. बोटं हलवणारे स्नायू बोटांत नसतातच, ते तळहातात आणि कोपरापुढच्या हातात असतात. बोटात हाडं, त्यांना ओढणाऱ्या दोऱ्या आणि कातडी. म्हणजे बोट स्वतः फारशी उष्णता तयार करत नाही, ती रक्तातून येते. आणि थंडी वाजायला लागली की शरीर पहिली कपात तिथेच करतं. काळीज, मेंदू, पोटातले अवयव गरम ठेवायचे म्हणून बोटांकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्यात बोटं बारीक आणि लांबट, म्हणजे आत मांस थोडं आणि हवेला लागणारी कातडी जास्त. चहा बशीत ओतला की पटकन निवतो, तसंच.

यातून एक गोष्ट लक्षात येईल. हात गार पडले याचा अर्थ दर वेळी हातमोजे वाईट आहेत असा नसतो. कानटोपी नसेल, छातीवर पातळ कपडा असेल, पहाटे काही न खाता निघाला असाल, तर शरीर हातांचं रक्त आखडतं घेणारच. मग मोजे कितीही चांगले असोत. कारण मोजा ऊब तयार करत नाही. थर्मासमध्ये गार चहा भरला तर तो गारच राहतो. हातात ऊब असेल तर मोजा ती राखतो, एवढंच त्याचं काम.

ती राखतो कशी? थांबलेल्या हवेने. आजीची गोधडी आठवा. तिच्यात कापूस नसायचा, जुन्या लुगड्यांचे थर असायचे. पण त्या थरांमध्ये जी हवा अडकायची तिच्यामुळे अंग गरम राहायचं. फ्लीस, लोकर, पिसं, कृत्रिम तंतूंचं भरण, सगळ्यांचं मर्म हेच: हवेला छोट्या छोट्या कप्प्यांत कोंडायचं. म्हणून भरण दाबलं गेलं, की ऊब गेली. आणि पाण्यातून उष्णता हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने निघून जाते, म्हणून भरण ओलं झालं, तरी ऊब गेली. आपल्या स्वयंपाकघरात हे सगळ्यांना माहीत आहे. गरम पातेलं कोरड्या फडक्याने उचलता येतं. तोच फडका ओला असेल तर लगेच चटका बसतो. तिथे उष्णता पातेल्यातून हाताकडे येते, बर्फात ती हातातून बाहेर जाते, फरक फक्त दिशेचा. भाचीच्या हातात त्या पहाटे ओला फडकाच होता.

आता खरेदीकडे वळू. पहिला प्रश्न: पाच बोटांचे मोजे घ्यायचे की मिटन? मिटन म्हणजे ज्यात अंगठ्याला वेगळं घर आणि बाकीची चारही बोटं एकत्र, तो प्रकार. ऊब हाच निकष असेल तर मिटन कायम पुढे. माझं लहानपण लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत गेलं. आम्ही सहा जण त्या खोलीत झोपायचो, डिसेंबरातही पांघरूण पायाशीच पडलेलं असायचं. एकाच्या अंगाची ऊब दुसऱ्याला. मिटनमध्ये बोटांचं तसंच होतं. पाच बोटांच्या मोज्यात प्रत्येक बोट एकटं पडतं आणि चारही बाजूंनी गारठतं.

पण मिटन घालून मायक्रोस्पाइक, म्हणजे बर्फात घसरू नये म्हणून बुटांवर चढवायचे काटे, चढवता येत नाहीत, बुटाची नाडी बांधता येत नाही, चेन ओढताना दमछाक होते. आणि दर वेळी काही करायला मिटन काढून उघडा हात बाहेर काढत असाल तर तिच्या उबेचा काय उपयोग? म्हणून एकच जोडी घेऊन सगळं निभवायचा हट्ट सोडा. ही एक गोष्ट तुम्ही ऐकलीत तर बाकी चुका सावरता येतात.

मी तीन थर नेतो. सगळ्यात आत पातळ लायनर, पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा, कधीही सुती नाही, कारण सूत घाम पिऊन बसतं आणि सोडत नाही. तो इतका पातळ हवा की कॅमेऱ्याचं बटण दाबता येईल, नाडी बांधता येईल. बर्फात उघड्या बोटाने धातूला हात लावायची वेळ येऊ नये, हे लायनरचं मोठं काम. मधे पाच बोटांचा, भरण असलेला मोजा. आणि सगळ्यावरून चढेल अशी सैल मिटन, वारा आणि पाणी अडवणारी. चढताना बहुतेक वेळ माझ्या हातात नुसता लायनर असतो, फार तर मधला थर. थांबलो, वारा सुटला, माथा जवळ आला की मिटन चढते. घाम यायच्या आधी एक थर उतरवायचा, गारठा लागायच्या आधी एक थर चढवायचा. भाचीने तळापासूनच जाड मोजे चढवले होते. दोन तास हात आत शिजत होते, आणि वारा लागल्यावर तोच घाम उलटला.

लायनरच्या दोन जोड्या न्या, ही चैन नाही. एक ओली झाली की दुसरी. ओली जोडी जॅकेटच्या आत पोटाशी ठेवून चालायचं, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायची. तंबूतल्या शेगडीवर किंवा शेकोटीवर वाळवू नका, कृत्रिम कापड वितळतं आणि चामडं तडकतं.

परळला थंडीच्या दिवसांत फुटपाथवर स्वेटर, शाली मिळतात तिथले विणलेले लोकरी मोजेही उपयोगाचे आहेत. ते टाकाऊ समजू नका. लोकर थोडी ओलसर झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. विणीतून वारा आरपार जातो, एवढीच तिची उणीव. वर वारा अडवणारं कवच असेल तर तेच मोजे मधला थर म्हणून छान चालतात, तंबूत बसायला तर उत्तमच.

भरणाचं थोडं सांगतो. पिसांचं भरण, म्हणजे डाऊन, वजनाच्या मानाने सगळ्यात उबदार, पण ओलं झालं की लगदा होतो. हात ही घाम येणारी आणि बर्फाला सतत लागणारी जागा, त्यामुळे आपल्यासारख्यांनी हातमोज्यात कृत्रिम भरणच घ्यावं. थिन्सुलेट, प्राइमालॉफ्ट ही नावं लेबलवर दिसतील. पहिलं १९७०च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलं, दुसरं १९८०च्या दशकात अमेरिकन सैन्यासाठी, पिसांना पर्याय म्हणून तयार झालं. ओलसर झाली तरी दोन्ही बऱ्यापैकी ऊब धरतात. लेबलवर भरणाचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. एकाच जातीच्या भरणात आकडा मोठा तर ऊब जास्त, वेगवेगळ्या जातींची तुलना त्यावरून करू नका. नीट बनवलेल्या मोज्यात हाताच्या पाठीवर भरण जास्त आणि तळव्याला कमी असतं, कारण तळव्याने काठी, दोर धरायचा असतो.

"मायनस वीस" सारख्या आकड्यांवर माझा फार विश्वास नाही. चालत्या माणसासाठी की उभ्या माणसासाठी, वाऱ्यात की बिनवाऱ्याचं, काहीच लिहिलेलं नसतं. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते जवळजवळ उणे २० सारखं लागतं. त्याऐवजी लेबलवर हिमकणाचं चिन्ह आणि ईएन ५११ असं लिहिलेलं सापडतंय का बघा. हे युरोपातलं मानक आहे, कामगारांच्या मोज्यांवर जास्त दिसतं. चिन्हाखाली तीन आकडे असतात. पहिला गार हवेसाठी, ० ते ४. दुसरा गार वस्तूच्या स्पर्शासाठी, ० ते ४. तिसरा पाण्यासाठी, ० किंवा १. आकड्याच्या जागी एक्स असेल तर ती चाचणी झालेलीच नाही. बहुतेक ट्रेकिंगच्या मोज्यांवर हे चिन्ह नसतं, पण त्यामागचा विचार उपयोगी आहे: हवेची थंडी वेगळी, बर्फात रोवलेली काठी धरल्यावर तळव्याला लागणारी थंडी वेगळी, आणि पाणी तिसरंच.

पाण्याबद्दल एक उलटी वाटणारी गोष्ट. खूप कडक थंडीत बर्फ कोरडा, रव्यासारखा असतो, झटकला की पडतो. शून्याच्या आसपासचा, दुपारचा बर्फ मोज्यांना जास्त भिजवतो. मनालीजवळ सोलंगला मुलं बर्फाचे गोळे करून खेळतात तेव्हा पंधरा मिनिटांत विणलेले मोजे पिळून काढण्यासारखे होतात ते यामुळेच. म्हणजे फक्त मनालीला सहलीला जाणाऱ्या कुटुंबाला उबेपेक्षा पाणी अडवणारा मोजा जास्त गरजेचा. मुलांसाठी तर नक्कीच.

पाणी अडवणाऱ्या चांगल्या मोज्यांत एक पातळ पडदा असतो. गोरटेक्स हे त्यातलं सगळ्यात परिचित नाव. त्याच्या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत शिरू शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. मात्र वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी आणि थंड लागते. मुंबईच्या दमट हवेत ते घडत नाही. म्हणून दादरला घरी मोजा घालून बसलात आणि पाच मिनिटांत हात घामाने चिकट झाला, तर मोजा वाईट आहे असा निष्कर्ष काढू नका. उलट दुकानातल्या गार एसीत हाताला छान गरम वाटलं यावरूनही काही ठरवू नका.

मग मुंबईत पारख करायची कशी? आधी माप. शिवणकामाची टेप घ्या, अंगठा सोडून बोटांच्या मुळाशी, तळहाताच्या सगळ्यात रुंद भागाभोवती गुंडाळा आणि कंपनीच्या तक्त्याशी जुळवा. लायनर घालून मोजा चढवून बघा. बोटाच्या टोकापुढे अर्धा-एक सेंटिमीटर जागा रिकामी राहायला हवी. मूठ वळल्यावर कापड ताणलं जाता कामा नये. घट्ट मोज्यात भरण दाबलं जातं आणि रक्तही अडतं, दुहेरी नुकसान. दोन मापांत अडलात तर मोठं घ्या.

मग अस्तर. मोज्यात हात घालून बोटाच्या टोकाशी अस्तर चिमटीत धरा आणि हलकेच ओढा. टोकाला शिवलेलं असेल तर जागचं हलणार नाही. सरसर बाहेर यायला लागलं तर तो मोजा ठेवून द्या. ओला हात बाहेर काढताना अस्तर उलटं आलं की अंधारात, बधीर बोटांनी ते परत पाचही बोटांत बसवता येत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. केदारकंठाच्या पायथ्याच्या सांकरीसारख्या गावात भाड्याने मोजे घेणार असाल तर ही तपासणी तिथेही करा, आणि आत हात घालून ओल आहे का तेही बघा. आदल्या दिवशीच कुणी वापरून परत केलेले असू शकतात.

मनगट विसरू नका. तिथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळून जातात. बाही आणि मोजा यांच्यात दोन बोटं कातडी उघडी राहिली तरी बोटांकडे जाणारं रक्त वाटेतच गार होतं. बर्फासाठी लांब मनगटाची, जॅकेटच्या बाहीवरून चढणारी आणि दोरीने आवळता येणारी मिटन घ्या.

घरी आणल्यावर निघायच्या दोन आठवडे आधी दोन प्रयोग करा. मोज्यात टिश्यू पेपर धरून हात मनगटाच्या काठापर्यंत बादलीत पाच मिनिटं बुडवा. पेपर ओला झाला तर मोज्यावर छापलेल्या "वॉटरप्रूफ" शब्दाचा अर्थ कळेल. मग मोजा दोन दिवस पंख्याखाली वाळवा, इस्त्री किंवा हेअर ड्रायर लावू नका. दुसरा प्रयोग फ्रीझरचा. घरच्या फ्रीझरमध्ये साधारण उणे १८ अंश असतं. त्यातलं गोठलेल्या मटारचं पाकीट मोजा घालून पाच मिनिटं घट्ट धरा. काठी धरल्यावर तळव्याला किती गार लागेल याचा अंदाज येईल. त्याच वेळी मोजे घालूनच पिशवीची चेन उघडा, बाटलीचं झाकण फिरवा, चिक्कीचा कागद सोडवा. जे जमणार नाही त्याची सोय इथेच करा. चेनला मोठी दोरीची गाठ मारा, चिक्की कागद काढून डब्यात भरा.

सांकरी साधारण ६,४०० फुटांवर आणि केदारकंठाचा माथा १२,५०० फुटांवर. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी कमी होतं असं धरलं तर तळ आणि माथा यांत बारा अंशांचा फरक पडतो, त्यावर वारा वेगळा. अशा ट्रेकला वर सांगितलेले तीन थर पुरतात. जानेवारी-फेब्रुवारीत लडाखमधल्या झंस्कारच्या गोठलेल्या नदीवर, चादर ट्रेकला जाणार असाल तर भरण असलेली मिटनच हवी, त्याबाबत तडजोड नको.

मोज्यांना मनगटात अडकवायची दोरी लावा. नसेल तर शिवून घ्या. ३ जून १९५० रोजी अन्नपूर्णेच्या माथ्यावरून उतरताना मॉरिस हर्झोग यांच्या हातातून मोजे निसटले आणि घरंगळत दरीत गेले. पिशवीत जादा पायमोजे होते, पण त्या थकव्यात ते हातावर चढवायचं त्यांना सुचलं नाही. हिमदंशाने त्यांच्या हातांची जवळजवळ सगळी बोटं कापावी लागली. आठ हजार मीटरहून उंच शिखराच्या माथ्यावर पहिल्यांदाच पोचलेल्या दोन माणसांपैकी ते एक होते. जादा लोकरी पायमोजे ही आणीबाणीतली मिटन आहे, हे निघण्यापूर्वीच डोक्यात पक्कं असू द्या. मोजा काढलात तर बर्फावर ठेवू नका, जॅकेटच्या आत कोंबा.

आयर्न पावडरचे हँड वॉर्मर मिळतात. हवा लागली की आतलं लोखंड गंजतं आणि त्यातून उष्णता निघते. खिशात असावेत, पण मिटनमध्ये हवा कमी मिळते म्हणून ते मंदावतात, आणि थेट कातडीला लावायचे नाहीत. विडी-सिगारेटने बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. दारूने गरम वाटतं, पण शरीरातली ऊब कातडीवाटे बाहेर जाते, म्हणून चढावर ती नकोच. ज्यांची बोटं एरवीही गारव्याने पांढरी पडतात, ज्यांना मधुमेह आहे किंवा जे रक्तदाबाच्या गोळ्या घेतात, त्यांनी जाण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. त्यांतल्या काही गोळ्यांनी हात जास्त गार पडतात.

आणि तरीही बोटं पांढरी, बधीर झालीच तर अंगठ्या काढा, हात काखेत घ्या, खांदे फिरवून हात झोकून द्या म्हणजे रक्त टोकापर्यंत जाईल. बर्फाने चोळू नका, शेकोटीवर धरू नका, बधीर कातडीला भाजलेलं कळत नाही. कातडी कडक झाली असेल तर खाली उतरणं आणि डॉक्टर गाठणं हाच उपाय. कोमट पाण्यात, साधारण ३७ ते ३९ अंशांच्या, हात बुडवायचा तो पुन्हा गोठणार नाही अशा जागी पोचल्यावरच.

परत आल्यावरचं काम मुंबईकराला बाकीच्यांपेक्षा जास्त आहे. आठवडाभर वापरलेले मोजे पुढे वर्षभर आपल्या दमट हवेत पडून राहतात. पावसाळ्यात चामड्यावर बुरशी येते, पॉलीयुरेथेनचा लेप ओलाव्याने विरघळल्यासारखा होऊन पापुद्रे सुटतात. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, आतून पूर्ण वाळू द्या, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. दाबून, घडी घालून नको, भरण बसतं. भाचीने आता तिच्या डब्यावर चिकटपट्टी लावून "दिवाळीनंतर उघडणे" असं लिहून ठेवलंय. उघडला की पहिल्यांदा ती अस्तराची टोकं ओढून बघते.